पाच लाखांचं कार्ड आणि केमिस्टचं बिल

गणपतीच्या आधीची गोष्ट. लालबागच्या आमच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी केमिस्टचं बिल हातात धरून माझ्या दारात उभ्या राहिल्या. मूळच्या कणकवलीच्या. मुंबईत पन्नास वर्षं काढली, पण रागावल्या की अजून मालवणीच. "पाच लाखाचा कार्ड आसा मा? मगे गोळयेचे पैशे कित्याक घेतत?"

कार्ड खरंच होतं. मंडळाच्या शिबिरात काढलेलं, केशरी रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेलं. बिल होतं रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांचं. मी म्हटलं, "मावशी, ते कार्ड ॲडमिट झालात तरच चालतं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी पडलंय काय मगेच?"

मला उत्तर सुचलं नाही. सरकारी आरोग्य विम्याचं नेमकं काय होतं, यावर जगात पन्नास वर्षं संशोधन चाललं आहे, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी मावशींचाच प्रश्न आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. तेच इथे जमेल तितक्या साध्या शब्दांत मांडतो.

आधी विमा म्हणजे काय ते भिशीवरून बघू. समजा, चाळीतल्या १०० बिऱ्हाडांनी ठरवलं की दरमहा २०० रुपये जमा करायचे आणि ज्याच्या घरी मोठं आजारपण येईल त्याला त्यातून द्यायचे. वर्षाला २ लाख ४० हजार जमतात. वर्षातून एकाच घरात दोन लाखांचं ऑपरेशन निघालं तर भागतं. नेहमीच्या भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. इथे नंबर लागू नये म्हणून माणूस देवाला हात जोडतो, तरी पैसे भरतो. दुसऱ्या वर्षी काय होतं? ज्यांच्या छातीत कळ येऊन गेली आहे ते आवर्जून नाव नोंदवतात. तिसऱ्या मजल्यावरचा जिमला जाणारा पोरगा म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" आणि गळतो. उरलेल्यांचा हप्ता ४०० होतो. मग आणखी चार धडधाकट घरं बाहेर पडतात आणि हप्ता पुन्हा चढतो. दोन-तीन वर्षांत भिशीत फक्त आजारी माणसं उरतात आणि ती बुडते. या गळतीला अर्थशास्त्रात प्रतिकूल निवड म्हणतात. जगभरातल्या आरोग्य सुधारणांच्या बहुतेक भांडणांचं मूळ तिच्यातच आहे.

यातून सुटायच्या वाटा मोजक्या. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा सक्तीचा केला, गळायची मुभाच ठेवली नाही. ब्रिटनने १९४८ च्या जुलैत भिशीच मोडीत काढली: रुग्णालयं सरकारची, खर्च करातून, आजारी पडेल त्याने यावं. अमेरिकेने १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड काढलं आणि बाकीच्यांना नोकरीतल्या विम्यावर सोडलं. २०१० च्या कायद्याने तिथेही 'विमा घ्या, नाहीतर दंड भरा' असं झालं, पण पुढे २०१९ पासून तो दंड शून्यावर आणला गेला.

आपल्याकडे? आपण यातल्या सगळ्याच वाटांवर एकाच वेळी थोडं थोडं चाललो आहोत. मुंबईत तर हे पायी फिरून दाखवता येतं. परळला केईएम आहे, १९२६ पासून. पालिकेचं रुग्णालय, करातून चालणारं, केसपेपर काढा आणि रांगेत बसा. हा ब्रिटिश धाटणीचा मार्ग, ब्रिटनने तो देशभर लागू करायच्या आधीपासूनचा. आणि आमच्या वडिलांच्या पिढीचा शब्द म्हणजे 'ईएसआय'. १९४८ च्या कायद्याने आलेला कामगार विमा, पूर्ण बिस्मार्कचा नातू. पगारातून कापलं जायचं, मालक भरायचा आणि घरातल्या सगळ्यांना त्यावर औषधपाणी मिळायचं. गोळ्यासुद्धा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, आणि गिरणीबरोबर ते कार्डही गेलं. नोकरीला बांधलेला विमा नोकरीबरोबर जातो, हे अमेरिकेतले तज्ज्ञ मोठमोठ्या लेखांतून सांगतात. गिरणगावाला ते सांगायला कुणी तज्ज्ञ लागला नाही. ईएसआय आजही आहे, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी. पण घरकाम करणाऱ्या मावशींची हजेरी कुठल्या मस्टरवर लागणार?

म्हणून तिसरा मार्ग आला: हप्ता सरकारने भरायचा आणि उपचार सरकारी किंवा खासगी, यादीतल्या कुठल्याही रुग्णालयात. केंद्राने २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना काढली, कुटुंबाला वर्षाला ३० हजारांपर्यंत. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यांत मुंबई होती. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. कुटुंबाला दीड लाखाचं कवच, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांना. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची, पण २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत ज्यांचं नाव त्यांनाच. त्या यादीत आपलं नाव का नाही, हे चाळीत कुणालाच कधी सांगता आलं नाही. अखेर राज्याने दोन्ही योजना जोडल्या, कवच पाच लाखांवर नेलं आणि २०२४ च्या जुलैपासून पांढऱ्या कार्डासकट सगळी रेशनकार्डं आत घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मानमध्ये घेतलं.

कागदावर पाहिलं तर भिशीची अडचण सुटली. सगळेच आत आहेत, त्यामुळे गळणार कोण? आता खरा प्रश्न. याने माणसं बरी होतात का?

उत्तर शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. 'विमा असलेले' आणि 'विमा नसलेले' यांची सरळ तुलना केली तर पुष्कळदा विमावालेच जास्त आजारी निघतात, कारण आजारी माणूसच कार्ड काढायला धावतो. म्हणून संशोधकांना हवी असते चिठ्ठी. एकाच पिशवीतून नावं काढायची, काहींना विमा आणि काहींना नाही, आणि मग दोघांकडे बघायचं. माणसांच्या जिवाशी असा खेळ कोण करू देईल?

तर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने, नाइलाजाने का होईना, तो केला. २००८ मध्ये तिथे गरिबांच्या मेडिकेडमध्ये सुमारे १० हजार जागा भरायच्या होत्या आणि नावं आली जवळपास ९० हजार. मग काढली सोडत. मुंबईकराला म्हाडा आठवली असेल तर बरोबरच आठवली. (म्हाडाच्या सोडतीचाही संशोधकांनी असाच वापर केला आहे: घर लागलेले आणि न लागलेले यांच्या वागण्यात पुढे काय फरक पडतो ते पाहायला.) ॲमी फिंकलस्टाइन, कॅथरीन बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठी लागलेल्यांचा आणि न लागलेल्यांचा माग ठेवला.

दोन वर्षांत दिसलं ते असं. आजारपणात घर बुडवणारा मोठा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. दवाखान्याची उधारी आणि वसुलीचे तगादे कमी झाले. नैराश्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. माणसं डॉक्टरकडे जास्त जाऊ लागली आणि मधुमेहाचं निदान आणि औषधं वाढली. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातली साखर यांत खात्रीने सांगता येईल असा फरक नाही. आणि सगळ्यांचा अंदाज होता की विमा मिळाला की लोक वेळेवर नेहमीच्या डॉक्टरकडे जातील, तातडीच्या विभागातली गर्दी ओसरेल. उलट ती ४० टक्क्यांनी वाढली.

हे निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापला अर्धा उचलला. एक म्हणे, बघा, विम्याने तब्येत सुधारत नाही. दुसरा म्हणे, बघा, कर्ज आणि नैराश्य कमी झालं. माझ्या मते दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलत होते. विमा ही पैशाची व्यवस्था आहे, तर तिचा पहिला परिणाम पैशावरच दिसणार. मनावरचा बोजा उतरतो तो त्याच्या मागोमाग. आणि दोन वर्षं हा फार थोडा काळ आहे, शिवाय सोडतीतल्या सगळ्यांनाच काही रक्तदाब नव्हता.

अभ्यासाला माणसं पुष्कळ मिळाली तर जिवावरचा परिणामही दिसतो, हे पुढे एका गमतीशीर प्रसंगातून कळलं. अमेरिकेच्या कर खात्याने २०१७ मध्ये विमा न घेतल्याचा दंड भरलेल्या कुटुंबांना पत्रं पाठवायचं ठरवलं. 'विमा असा घ्या, दंड वाचेल' इतकाच मजकूर. कुटुंबं सुमारे ४५ लाख, पण पैसे पुरेनात, म्हणून सहाएक लाखांना चिठ्ठी टाकून वगळलं. नकळत प्रयोग तयार झाला. नंतर हिशेब केला तर ज्यांना पत्र मिळालं त्यांच्यातल्या जास्त लोकांनी विमा घेतला होता, आणि ४५ ते ६४ वयाच्या लोकांत दर १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू कमी झाला होता. एक साधं सरकारी पत्र! आपल्याकडे सरकारी पत्र आलं की आधी धडकीच भरते.

आता घराजवळ येऊ. कर्नाटकात दोन वेगवेगळे अभ्यास झाले आणि दोघांचे निकाल उलट वाटावेत असे आले. वाजपेयी आरोग्यश्री ही योजना हृदयविकार, कर्करोग अशा मोठ्या आजारांसाठी होती आणि आधी राज्याच्या उत्तर भागात लागू झाली. संशोधकांनी हद्दीच्या अल्याड-पल्याडची गावं घेतली. माणसं तशीच, शेती तशीच, फरक फक्त योजनेचा. २०१४ मध्ये निकाल छापून आला: योजनेत येणाऱ्या आजारांनी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत होणारे मृत्यू योजनेबाहेरच्या गावांत हजारी ९ आणि योजनेतल्या गावांत हजारी ३ च्या आसपास. दुसरा अभ्यास राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा, गुलबर्गा आणि म्हैसूर भागातल्या जवळपास ११ हजार कुटुंबांवर, अगदी चिठ्ठ्या टाकून केलेला. तिथे रुग्णालयाचा वापर वाढला, पण तब्येतीच्या मोजमापांत ठळक फरक दिसला नाही. कार्ड वापरायला गेले आणि जमलं नाही, असेही पुष्कळ निघाले.

निकाल उलटे वाटतात, कारण योजनाच निरनिराळ्या होत्या. एकीने लाखांच्या घरातलं, जिवावरचं ऑपरेशन फुकट केलं. ते नाहीतर त्या माणसाने केलंच नसतं. दुसरीने ३० हजारांच्या आतलं ॲडमिट होणं स्वस्त केलं, जे लोक उसनवारी करून तसंही करत होते. 'विमा चांगला का वाईट' असं विचारून म्हणूनच काही हाती लागत नाही. विमा नेमका कशाचा, हे विचारावं लागतं.

कार्ड वापरायला जमलं नाही, म्हणजे काय, हे मुंबईत चार जणांना घेऊन रुग्णालयात गेलेल्या कुणालाही माहीत आहे. मी स्वतः गेलो आहे. एकदा रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं राहिलं होतं. ऑपरेशन ठरलं आणि आधी शिधावाटप कार्यालयात पळापळ. एकदा एका खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलापाशी पोहोचलो, कागद सगळे बरोबर, आणि उत्तर आलं की योजनेच्या खाटा भरल्या आहेत, पैसे भरून घ्यायचं असेल तर खाट आहे. खाट तीच होती.

यामागचं यंत्र समजून घ्यायला हवं. योजनेत प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात. रुग्णालय आधी ऑनलाइन मंजुरी मागतं, मग उपचार, मग दावा, मग पैसे. दर कमी, पैसे उशिरा, म्हणून मोठी खासगी रुग्णालयं यादीत यायला नाखूश असतात. आली तरी आपल्याला परवडणारे उपचार तेवढेच करतात. काही शस्त्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत. सरकारने दर वाढवले तर तिजोरी रिकामी, नाही वाढवले तर यादी रिकामी. राजस्थानात संशोधकांनी भामाशाह या तिथल्या सरकारी विमा योजनेतल्या रुग्णांना घरी फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की उपचार 'मोफत' असूनही रुग्णालयं पैसे घेत होती. आणि मोफत असूनही रुग्णालयात आणलेल्यांत बायका आणि मुली पुरुषांपेक्षा कमीच होत्या. रुग्णालय जितकं लांब, तितकं हे अंतर मोठं. कार्ड सगळ्या कुटुंबाच्या नावे असतं खरं, पण कुणाला घेऊन जायचं हे घरात ठरतं.

शिवाय कार्डाने खाटा वाढत नाहीत. राज्यातल्या कुठल्याही गावात कर्करोगाचं निदान झालं की माणूस परळची वाट धरतो. टाटाच्या बाहेर पदपथावर पथारी टाकून बसलेली कुटुंबं अनेकदा कार्डवालीच असतात. उपचाराचे पैसे योजना देते, पण मुंबईत तीन महिने राहायचं कुठे, जेवायचं काय, आणि गावाकडची बुडालेली मजुरी, हे कुठल्याही पॅकेजमध्ये बसत नाही.

आता मावशींच्या बिलाकडे. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांनी थेट खिशातून दिलेला वाटा सरकारी हिशेबानुसार २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतरण मोठी आहे. तरीही शंभरातले चाळीस रुपये माणूस अजून स्वतःच मोजतो, आणि त्यांतला मोठा भाग औषधांवर जातो. ॲडमिट न होता घेतलेली औषधं, केलेल्या तपासण्या, डॉक्टरची फी. योजना मात्र मुख्यतः ॲडमिट झाल्यावरचीच. जोडीला आधीच्या काही तपासण्या आणि घरी सोडल्यानंतरची थोड्या दिवसांची औषधं. रोजची गोळी तिच्यात नाही. ईएसआयमध्ये होती, आठवतं?

असं का? कारण मोठं ऑपरेशन मोजता येतं, त्याला मंजुरी देता येते, फोटो लावता येतो. कोट्यवधी लोकांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे दावे तपासणं कुठल्याही यंत्रणेला झेपणारं नाही. विम्याच्या दृष्टीने हे चूकही नाही: भिशी मोठ्या संकटासाठी असते, महिन्याच्या वाणसामानासाठी नाही. फक्त रक्तदाब असलेल्या माणसाचं वाणसामान थांबलं की तेच पुढे मोठं संकट होतं.

आणि इथे सगळ्यांत जुना प्रयोग आठवतो. १९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने सहा ठिकाणच्या सुमारे २,७५० कुटुंबांना चिठ्ठी टाकून वेगवेगळे विमे दिले. कुणाला सगळं फुकट, कुणाला बिलाचा पाव, निम्मा किंवा जवळपास सगळा भाग स्वतः भरायचा, एका मर्यादेपर्यंत. फुकटवाल्यांचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी जास्त झाला, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत मात्र काही फरक दिसला नाही. 'लोकांना थोडे पैसे भरायला लावा' म्हणणारे आजही याच वाक्यापाशी थांबतात. पुढचं वाक्य असं की पैसे भरावे लागले तेव्हा लोकांनी बिनगरजेचे उपचार जितके टाळले तितकेच गरजेचेही टाळले. त्यातलं काय गरजेचं, हे त्यांना कळत नव्हतं. आणि गरीब आणि रक्तदाब असलेल्यांना फुकट उपचारांचा स्पष्ट फायदा झाला. जास्त धोका असलेल्यांत मृत्यूची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी कमी झाली, मुख्यतः रक्तदाब ताब्यात आल्यामुळे.

हे वाचल्यावर मी मावशींना सहज विचारलं, गोळ्या रोज घेता ना? त्या म्हणाल्या, "एक दिवस आड घेतंय. तेवढ्यान भागता."

रोजच्या गोळीचा प्रश्न विम्याने सोडवायचा नसतो, तो गल्लीतल्या दवाखान्याने सोडवायचा असतो, हे आपल्याकडे १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने सांगून ठेवलं आहे. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत आणि सुरुवात घराजवळून व्हावी, असं तिचं म्हणणं. थायलंडने २००१ पासून तेच आणि विमा एकत्र केलं: आधी ३० बाटची नाममात्र फी, मग तीही माफ, आणि ॲडमिट न होता मिळणारे उपचारही आत. तिथे गरिबांतले बालमृत्यू त्यानंतर घटल्याचं संशोधनात दिसलं. मुंबई पालिकेने २०२२ मध्ये 'आपला दवाखाना' नावाची योजना सुरू केली, संध्याकाळीही उघडे असणारे दवाखाने, हा याच बाजूचा प्रयत्न. पाच लाखांच्या कार्डासारखा तो फलकावर शोभत नाही एवढंच.

गौरी-गणपती झाल्यावर एका संध्याकाळी, मावशींची कामं आटपल्यावर, त्यांना घेऊन पालिकेच्या दवाखान्यात गेलो. रांग होती, पण सरकत होती. डॉक्टरने रक्तदाब बघितला, भुवया उंचावल्या आणि चिठ्ठी लिहिली. औषधाच्या खिडकीपाशी मावशींनी प्लास्टिकची पिशवी सोडायला घेतली. आतला मुलगा म्हणाला, "कार्ड नको मावशी, नाव सांगा." पंधरा दिवसांच्या गोळ्या कागदी पाकिटात घालून त्याने वर लिहिलं: रोज १, सकाळी.